हलकी रायफल, जड धक्का

कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलेल्या माणसाच्या खांद्यावर रायफल दिवसाचे दहा तास असते, आणि वाजते ती एखाद्या वेळी, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. चढताना तिच्या वजनाचा प्रत्येक ग्रॅम शत्रू असतो. चाप ओढला की तोच ग्रॅम खांद्याचा सगळ्यात जवळचा मित्र होतो. हलक्या शिकारी रायफलचं सगळं कोडं या दोन वेळांच्या भांडणात आहे.

हे भांडण सर्वांत जास्त कोणाला भोगावं लागतं? अंगापिंडाने लहान असलेल्यांना. पन्नास किलोची बाई, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, हाडापेराने बारीक असलेला म्हातारा. दुकानात गेल्यावर त्यांच्या हातात हमखास काय ठेवलं जातं, तर छोटी, सुटसुटीत, हलकी रायफल. ‘तुम्हाला झेपेल अशी’. हेतू चांगला असतो आणि उचलायला ती खरोखरच झेपते. पण त्या हलक्या रायफलमध्ये मोठं काडतूस असेल, तर दुकानातल्या सगळ्या बंदुकांमध्ये सर्वांत जोरात धक्का मारणारी बंदूकच सर्वांत नाजूक खांद्याच्या वाट्याला आलेली असते.

असं का होतं, हे आपण शाळेतच शिकलोय. संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना गुरुजी बंदूक आणि गोळीचंच उदाहरण घेतात. गोळी पुढे, बंदूक मागे, दोन्हींचा संवेग सारखा. फळ्यावर ते गणित दोन ओळींत सुटतं आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण खरे आकडे घालून पाहिलं की डोळे विस्फारतात.

.308 विंचेस्टर हे 1952 सालापासूनचं, जगभर चालणारं काडतूस घेऊ. त्यातली 150 ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम. ती नळीतून सेकंदाला सुमारे 860 मीटर वेगाने बाहेर पडते. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे 3600 ज्यूल भरते. त्याच क्षणी 2.7 किलोची रायफल मागे येते आणि तिच्यातली ऊर्जा किती, तर सुमारे 26 ज्यूल. संवेगाची वाटणी जवळपास बरोबरीची, पण ऊर्जेच्या वाटणीत गोळीला शंभराहून अधिक पट मिळतं. याचं कारण एकच: संवेग वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हलकी वस्तू वेग घेते, म्हणून ऊर्जा तिच्याकडे जाते. हा वर्ग नसता, तर खांद्याला लावून झाडता येईल अशी बंदूकच अस्तित्वात आली नसती. चाप ओढणारा आणि लक्ष्य, दोघांनाही सारखाच मार बसला असता.

निसर्गाची ही वाटणी शिकाऱ्यावर मेहेरबान आहे खरी, पण रायफल जितकी हलकी होत जाते तितकी ही मेहेरबानी आटत जाते. 26 ज्यूल म्हणजे नेमकं किती, हे मनात बसावं म्हणून मी एक माप वापरतो: तीच रायफल दस्त्याच्या बाजूने किती उंचीवरून खांद्यावर पडली असती? वर सांगितलेली 2.7 किलोची .308 सेकंदाला साधारण 4.4 मीटर वेगाने मागे येते. हा वेग एक मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा. आता तेच काडतूस 3.6 किलोच्या रायफलमध्ये घाला. उंची एकदम 55 सेंटीमीटरवर येते. वजन एक तृतीयांशाने वाढलं आणि उंची जवळपास निम्मी झाली, कारण इथेही वर्ग आहे. आणि त्याच 2.7 किलोच्या रायफलमध्ये .300 विंचेस्टर मॅग्नम भरलं, तर ती रायफल माणसाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे 1.8 मीटरवरून खांद्यावर येते. बसल्या जागी, दिवसातून वीस वेळा.

1909 सालच्या ब्रिटिश सैन्याच्या ‘टेक्स्टबुक ऑफ स्मॉल आर्म्स’ने सैनिकाच्या रायफलसाठी धक्क्याची मर्यादा 15 फूट-पौंड धरली होती. आपल्या मापात ते सुमारे 20 ज्यूल. 3.6 किलोची .308 या रेषेला जेमतेम टेकते. 2.7 किलोची ती रेषा ओलांडून जाते, आणि मॅग्नम तर तिच्या दुपटीच्याही पुढे. ती मर्यादा धडधाकट, कवायत केलेल्या तरुणांसाठी होती, हे ध्यानात घ्या.

या हिशेबात एक भागीदार लपून बसलेला असतो, तो म्हणजे दारू. .308 मध्ये साधारण तीन ग्रॅम दारू जळते. गोळीच्या मागोमाग तिचा वायू नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही जास्त वेगाने सुटतो, आणि तोही रायफलला मागे रेटतो. वजनाने तो गोळीच्या एक तृतीयांशही नाही, पण धक्क्यातला जवळपास 30 टक्के वाटा त्याचा असतो. मॅग्नममध्ये दारू जास्त, म्हणून तिथे वाटा एक तृतीयांशाच्या वर जातो. एखाद्या काडतुसाचा धक्का किती, हे फक्त गोळीच्या वजनावरून ठरवणारे इथे फसतात.

नळीच्या तोंडावर बसवायच्या मझल ब्रेकला हाच वायू हाताशी धरता येतो. त्याच्या बाजूंना भोकं किंवा फटी असतात. पुढे जाणारा वायू त्यांच्या भिंतींवर आपटतो आणि बाजूला किंवा किंचित मागे वळतो. वळताना तो रायफलला पुढे ओढतो. चांगला ब्रेक तीस-चाळीस टक्के धक्का सहज कमी करतो. पण किंमत कानांनी मोजावी लागते. रायफलचा आवाज ब्रेकशिवायच 160 डेसिबलच्या घरात असतो, आणि 140 च्या वरचा एकच तडाखा कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक तो स्फोट वळवून झाडणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडावर आणतो. लहान मुलांच्या रायफलला ब्रेक लावून देणारे पालक मी समजू शकतो, पण मला ते पटत नाही. फिनलंड-नॉर्वेकडे शिकारी सर्रास सायलेन्सर लावतात. तो वायूला आत अडवून थंड करतो, धक्का कमी करतो आणि आवाजही उतरवतो. पुढे काहीशे ग्रॅम वजन वाढतं एवढाच तोटा. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे लहान खांद्यासाठी यापेक्षा चांगली वस्तू मला माहीत नाही.

आता या सगळ्या गणितापेक्षाही थक्क करणारी गोष्ट.

गोळी नळीत असते तेवढ्या वेळात रायफल किती मागे सरकते? नळीत गोळी साधारण अर्धा मीटर धावते. वजनांचं गुणोत्तर धरून हिशेब केला, तर 2.7 किलोची रायफल तेवढ्या वेळात फक्त दोन मिलिमीटर मागे येते. कपड्याच्या घडीत मावतील एवढे दोन मिलिमीटर, सव्वा मिलिसेकंदात. खांद्याला धक्का जाणवेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. इतकंच नाही. शंभर मीटरवरचं लक्ष्य गाठायला तिला एक दशांश सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. माणसाला स्पर्श जाणवून त्यावर हात हलवायला साधारण दीड दशांश सेकंद लागतो. म्हणजे तुम्ही धक्क्याला जाणीवपूर्वक उत्तर द्यायच्या आत गोळी शंभर मीटरवर पोहोचून आपलं काम करून मोकळी झालेली असते.

मग धक्क्याने नेम चुकतो असं सगळे म्हणतात, ते कसं? बसून गेलेल्या धक्क्याने ती गोळी बिघडत नाही, कारण तिच्यापर्यंत तो पोहोचूच शकत नाही. बिघडवतो तो पुढचा, अजून न बसलेला धक्का. आधीच्या गोळ्यांनी शरीराला काहीतरी शिकवलेलं असतं, आणि शरीर ते चाप ओढायच्या आधीच वापरतं.

शिकवण्याची ही पद्धत प्रयोगशाळांना चांगली ओळखीची आहे. आधी एक सूर वाजवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेची फुंकर मारायची. थोड्या वेळाने फुंकर येण्याआधी, नुसत्या सुरावर पापणी मिटू लागते. माणसात हे होतं, सशातही होतं. हे शिक्षण मेंदूच्या मागच्या बाजूच्या अनुमस्तिष्कात घडतं. स्नायूंच्या हालचालींचं वेळापत्रक सांभाळणारा भाग तोच. म्हणून पापणी अगदी नेमक्या वेळी मिटते, फुंकर येण्याच्या किंचित आधी. रायफलच्या बाबतीत सूर म्हणजे चापावर वाढत जाणारा बोटाचा दाब आणि फुंकर म्हणजे खांद्यावरचा तडाखा, वर कानठळ्या बसवणारा आवाज आणि डोळ्यांपुढची झळाळी. इच्छाशक्तीने हे थांबत नाही. धीट माणसालाही होतं, भित्र्यालाही होतं. अनुमस्तिष्काला धीटपणा कळत नाही, त्याला फक्त वेळ कळते.

हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर एक जुनी युक्ती आहे. शिकवणारा रायफल स्वतः भरून देतो. कधी खरं काडतूस घालतो, कधी पोकळ. झाडणाऱ्याला माहीत नसतं. पोकळ काडतूस आलं की चाप ओढला जातो, ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि काहीही सुटत नाही. पण रायफल हलते. नळीचं तोंड बोटभर खाली झुकतं, उजवा खांदा पुढे ढकलला जातो, डोळे घट्ट मिटतात, कधी गालाचा स्नायू थरथरतो. न आलेल्या धक्क्याला उत्तर देऊन शरीर मोकळं झालेलं असतं. झाडणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आश्चर्य उमटतं ते खरंखुरं असतं, कारण खऱ्या गोळीच्या गदारोळात हा सगळा प्रकार त्याच्या कधी लक्षातच आलेला नसतो. त्याला वाटत असतं, दुर्बीण बिघडलीय.

बोटभर तर सोडाच, एक मिलिमीटरसुद्धा खूप आहे. मीटरभर लांबीच्या रायफलचं तोंड चाप सुटताना एक मिलिमीटर खाली गेलं, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर खाली जाते, दोनशे मीटरवर वीस. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण तेवढीच असते. वीस सेंटीमीटर खाली म्हणजे मोडलेला पाय. तीन पायांवर दरीत उतरून गेलेलं जनावर, संध्याकाळपर्यंत रक्ताचा माग, आणि बहुधा रिकाम्या हातांनी परत. या विषयाची मला एवढी कळकळ वाटते ती यामुळे. खांदा काळानिळा होणं ही किरकोळ गोष्ट आहे, चार दिवसांत बरी होते. पण ज्याला गोळी घालायचीच आहे त्या जनावराला ती एकदाच आणि नेमकी लागली पाहिजे. धक्का आटोक्यात ठेवणं हे शिकाऱ्याचं त्या जनावराशी असलेलं कर्तव्य आहे.

आता लहान चणीच्या माणसाकडे येऊ. त्याच्या बाबतीत गणितातले आकडे तेच राहतात, पण ते ज्या जागी उतरतात ती जागा बदलते.

बहुतेक रायफलींचे दस्ते सरासरी उंचीच्या पुरुषाच्या मापाने बनतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंच. पाच फूट उंचीच्या बाईला हे अंतर लांब पडतं. मग ती काय करते? हात ताणते, कंबरेतून मागे झुकते, आणि दस्ता गळपट्टीच्या हाडाखालच्या खळग्यातून सरकून दंडाच्या वरच्या टोकावर जातो. तिथे मांस कमी आणि हाड गोल. धक्का आला की मागे झुकलेलं शरीर त्याला टेकू देऊ शकत नाही, उलट आणखी मागे फेकलं जातं. पाहणारे म्हणतात, ‘झेपत नाही तिला’. खरं तर तेच काडतूस, तेवढ्याच वजनाची रायफल, पण बारा-साडेबारा इंचांचा दस्ता दिला, तर तीच बाई किंचित पुढे झुकून, दोन्ही पायांवर वजन घेऊन उभी राहते आणि धक्का अंगातून पायांपर्यंत वाहून जाऊ देते. दस्ता कापणं हा काही फार मोठा उद्योग नाही. मुलांसाठीच्या काही रायफलींना तर आता मागे चकत्या मिळतात. मूल वाढेल तसतशा त्या एकेक करून घालायच्या. फक्त माप घेताना अंगात शिकारीचा जाड कोट हवा. घरात सदऱ्यावर बरोबर बसलेला दस्ता डोंगरात थंडीत दोन बोटं लांब होतो.

दस्त्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. जुन्या रायफलींचा दस्ता मागे खाली उतरत जायचा. धक्का नळीच्या रेषेत येतो, आणि खांदा त्या रेषेच्या खाली असेल तर रायफल खांद्याभोवती वर फिरते. तोंड आकाशाकडे उसळतं आणि दस्त्याची कड गालाच्या हाडावर आपटते. खांद्याचा मार माणूस विसरतो, गालाचा विसरत नाही. सरळ दस्त्यात नळी, दस्ता आणि खांदा जवळपास एका ओळीत येतात, त्यामुळे रायफल सरळ मागे येते. रायफली बनवणाऱ्या रॉय वेदरबीने आपल्या दस्त्याची गालाखालची कड पुढच्या बाजूला उतरती ठेवली. रायफल मागे आली की ती कड गालापासून दूर जाते. साधी भूमिती, पण ज्याच्या गालाला ती वाचवते त्याला विचारा! त्याच्याच कंपनीने 2016 साली त्याची पत्नी कॅमिला हिच्या नावाने बायकांच्या अंगाला बेतलेली रायफल काढली. तेरा इंचांचा दस्ता, बारीक मूठ आणि खालचं टोक छातीत रुतू नये असा मागच्या बाजूचा तिरकेपणा. शेवटची गोष्ट पुरुषांच्या दस्त्यात कोणी फारशी पाहत नाही, पण दस्त्याचं खालचं टोक एवढ्या जोरात छातीवर येणं म्हणजे काय, ते बायकांनाच माहीत. पाठपिशवीच्या पट्ट्याची बकल किंवा आतल्या कपड्याची पट्टी दस्त्याखाली आली तरी तिथे गोल निळा ठसा उमटतो.

दस्त्यामागचं रबर काय करतं? ऊर्जा ते फारशी कमी करत नाही, थांबायला जागा देतं. 26 ज्यूल एका सेंटीमीटरमध्ये थांबवायचे तर सरासरी बल 2600 न्यूटन लागतं. अडीच सेंटीमीटरमध्ये तेच थांबवले तर हजाराच्या आसपास. मऊ, जाड, रुंद रबर हेच करतं, शिवाय भार जास्त जागेवर पसरवतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत चंद्रकोरीच्या आकाराचे लोखंडी पत्रे दस्त्याला लावायचे. त्यांची दोन टोकं आधी खांद्यात घुसायची. त्या काळातल्या माणसांच्या सहनशक्तीला माझा दंडवत.

दुर्बिणीचं एक सांगून ठेवतो, कारण लहान चणीच्या लोकांना हा अपघात जास्त होतो. डोळा आणि दुर्बीण यांच्यात नऊ-दहा सेंटीमीटर अंतर हवं. दस्ता आखूड आणि मान पुढे ताणलेली असेल, तर ते अंतर पाच-सहावर येतं. मग हलकी रायफल वेगाने मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते. असा एक अर्धचंद्र कोरला गेला की पुढचे कितीतरी महिने डोळा आपोआप मिटतो.

आणि टेबल. नव्या रायफलचा नेम बांधायला लोक माणसाला टेबलाशी बसवतात. कोपर टेकलेलं, छाती कडेला भिडलेली, शरीराला मागे जायला वाव नाही. उभं राहून झाडताना अंग धक्क्याबरोबर मागे जातं आणि तो लांबवर विरतो. टेबलाशी सगळा हिशेब खांद्यालाच चुकवावा लागतो. म्हणजे शिकाऊ माणसाची पहिली ओळख रायफलच्या सर्वांत वाईट धक्क्याशी होते. नेम बांधायचं काम दांडग्या माणसाने करावं, दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची पिशवी ठेवून करावं, आणि शिकणाऱ्याला उभ्याने किंवा बसून, काठीच्या आधाराने झाडू द्यावं.

दस्ता कितीही सुधारला तरी मूळ प्रश्न काडतुसाचा. 1955 साली .308 चाच गळा आवळून .243 विंचेस्टर बनवलं गेलं. त्यातली गोळी साडेसहा ग्रॅमची. 2.7 किलोच्या रायफलमध्ये ते घातलं, तर माझ्या त्या मापाने उंची 59 सेंटीमीटर येते. 3.6 किलोच्या .308 च्या जवळपास तेवढीच! म्हणजे काडतूस उतरवलं की 900 ग्रॅम वजन फुकटात वाचतं, आणि डोंगर चढताना 900 ग्रॅम म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच कळतं. 6.5 क्रीडमूर 80 सेंटीमीटरच्या आसपास बसतं.

मग एवढ्याशा गोळीने मोठं जनावर पडेल का, ही शंका येतेच. तिचं उत्तर सव्वाशे वर्षं जुनं आहे. 1892 सालचं 7×57 माउझर आणि त्याच्या मागोमागचं 6.5×55 स्वीडिश ही दोन्ही काडतुसं सौम्य धक्क्याची. पण त्यांची गोळी लांब आणि बारीक, त्यामुळे ती खोलवर जाते. स्वीडनमध्ये मूस या मोठ्या हरणाची शिकार 6.5×55 ने पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिथला कायदा मोठ्या जनावरांसाठी दहा ग्रॅम किंवा त्याहून जड गोळी आणि शंभर मीटरवर 2000 ज्यूल ऊर्जा मागतो. हे जुनं काडतूस त्यात बसतं. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची पसरणारी गोळी चालते. काश्मीरच्या हंगुलाचा हा थोरला भाऊबंद तीनशे किलोंचा असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने .243 पुरतं. माझ्या मते मात्र एल्कसाठी ते नवख्याच्या हाती देऊ नये. ते काडतूस अंतर आणि कोन पक्के ओळखणाऱ्यासाठी आहे. नवख्याने 6.5 किंवा 7 मिलिमीटरच्या सौम्य काडतुसाकडे जावं.

मराठी वाचकाने यातलं 7×57 वाचलेलं आहे, फक्त वेगळ्या नावाने. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला 1907 साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट दिली, तिचं .275 हे काडतूस म्हणजे हेच. रुद्रप्रयागचा बिबट्या 1926 साली त्याच काडतुसाने पडला. कुमाऊं-गढवालच्या चढउतारांवर दिवसच्या दिवस पायपीट करणाऱ्याला ही हलकी, कमी धक्क्याची रायफल का आवडली असेल, ते वेगळं सांगायला नको. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हजाराहून अधिक हत्ती मारणाऱ्या वॉल्टर बेलनेही त्यातले बहुसंख्य याच काडतुसाने मारले. तो आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो. पण हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो, हे बेलने पाहून ठेवलं होतं, ही गोष्ट विसरता येत नाही. अमेरिकन शिकारलेखक जॅक ओ’कॉनर .270 चा मोठा पुरस्कर्ता. त्याची पत्नी एलिनॉर मात्र 7×57 वर विसंबायची, आणि तिच्या नेमबाजीचं कौतुक तो स्वतः लिहायचा.

गेल्या काही दशकांत यात तांब्याच्या अखंड गोळ्यांची भर पडली. शिसं भरलेली गोळी आदळल्यावर तुटत तुटत वजन गमावते, तांब्याची बहुतेक सगळं टिकवते. म्हणून हलकी गोळी निवडूनही खोली मिळते, आणि हलकी गोळी म्हणजे कमी संवेग. सरावासाठी तर दारूच कमी भरता येते. अमेरिकेतल्या हॉजडन कंपनीच्या एच4895 या दारूबाबत कंपनीच सांगते, की काडतुसाची जी कमाल भरती दिली आहे तिच्या 60 टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. पण ही सवलत त्या दारूपुरतीच आणि छापील तक्त्यापुरतीच. सावकाश जळणारी दारू मोठ्या काडतुसात कमी भरली तर दाब उतरण्याऐवजी भलताच उसळू शकतो. इथे स्वतःचं डोकं चालवू नये.

आणि सराव मुख्यतः .22 वर. 2.7 किलोच्या रायफलमध्ये .22 चं माप अर्धा सेंटीमीटर येतं, म्हणजे धक्का जवळपास नाहीच. अनुमस्तिष्काला शिकायला काही मिळत नाही, आणि चाप, श्वास, नजर यांचं काम मात्र पुरतं शिकून होतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं आणि स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्यपदक, ते याच .22 वर. त्यांच्या रायफली शिकारी रायफलच्या दुपटीच्या आसपास वजनाच्या असतात, कारण त्या घेऊन डोंगर चढायचा नसतो. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण नेमबाजीच्या रेंजवर चाप दाबण्याची जी शिस्त शिकवली जाते, तीच रॉकी पर्वतातल्या चौदा वर्षांच्या मुलाला हवी असते.

जड रायफलची ही रेंजवरची युक्ती शिकारीच्या सरावातही उसनी घेता येते. दस्त्याच्या पोकळीत शिशाची पिशवी ठेवून सराव करायचा, डोंगरावर जाताना ती काढून टाकायची. कानांत बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. खांद्यावरचा मार आणि कानातला मार मेंदूत एकत्रच नोंदला जातो. कान झाकले की तीच रायफल नरम वाटते. पूर्ण ताकदीची काडतुसं एका दिवशी पाच-सहापेक्षा जास्त नकोत, आणि शेवटची गोळी नेहमी .22 ची असावी.

मेल्विन फोर्ब्सने 1980 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आतल्या रायफली बांधायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना वाटलं की त्या खांद्यावर टिकणार नाहीत. केव्हलार आणि कार्बनच्या धाग्यांचा, सरळ, कडक आणि हलका दस्ता त्याने बनवला, नळी शेवटपर्यंत दस्त्यात बसवली, आणि त्या रायफली लोकांनी भरभरून घेतल्या. सौम्य काडतूस, सरळ दस्ता आणि अंगाचं माप एवढं जमलं की हलकी रायफल खरोखर लहान माणसाची होते.

एल्क समोर आला, की यातलं काहीच जाणवत नाही. हृदय धडधडत असतं, नजर एका जागी खिळलेली असते, शरीर वेदनेची नोंद तात्पुरती बंद ठेवतं. धक्का किती बसला, असं नंतर विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही, आवाजही आठवत नाही. पण रेंजवर शिकलेली पापणी त्याही क्षणी आपल्या वेळेवर मिटते, आणि ती मिटू नये यासाठीचं सगळं काम ऑगस्टमध्ये, .22 घेऊन, कान झाकून करावं लागतं.